जांभळ्या झाकणाची नळी आणि माझ्या बेपत्ता पेशी

ऐका हो ऐका! तीर्थपुरी व पंचक्रोशीतील तमाम बंधू-भगिनींना कळविण्यात येते की, येथील मंडप व लाऊडस्पीकरवाले भास्करराव यांच्या प्लेटलेट नावाच्या पेशी राहत्या शरीरातून बेपत्ता झालेल्या आहेत. वर्ण फिकट, बांधा अतिशय बारीक. घरातून निघताना कोणाशीही भांडण झालेले नव्हते. ज्या सज्जनास त्या आढळतील त्याने कृपया बसस्टँडसमोरील मंडपाच्या दुकानात आणून द्याव्यात. आणणाऱ्यास चहा पाजण्यात येईल.

ही घोषणा मी प्रत्यक्षात केली नाही. मनातल्या मनात मात्र रोज केली. जत्रेत हरवलेली पोरं, दावं तोडून गेलेल्या म्हशी, लग्नात बदललेल्या चपला, हे माइकवरून पुकारण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. आपल्याच रक्तातलं काही पुकारायची पाळी येईल असं कधी वाटलं नव्हतं.

सध्या मी उताणा पडून हे लिहितो आहे. पोटाखाली टाके आहेत आणि मला हसायला बंदी आहे, म्हणून ते काम तुमच्यावर सोपवतो. तुमच्यापैकी कुणाच्या मोबाइलवर उद्या असा रिपोर्ट येऊन पडला, तर हातपाय गाळण्याआधी काय विचारायचं, एवढं कळावं म्हणून हा खटाटोप.

मोठ्यातली मोठी तपासणी

सुरुवात हर्नियाने झाली. मंडपाचे लोखंडी खांब उचलून उचलून माझ्या जांघेत लिंबाएवढी गाठ यायला लागली. उभा राहिलो की बाहेर, आडवा झालो की आत. अंबडच्या सर्जननी मला खोकायला लावलं, बोटाने दाबून पाहिलं आणि म्हणाले, "छोटं ऑपरेशन आहे. कमरेत इंजेक्शन देऊ, तुम्ही गप्पा मारा, आम्ही उरकून टाकू. आधी रक्त तेवढं तपासून आणा."

आता आमच्या गावात रक्त काढतात, तपासत नाहीत. एका गाळ्यात खुर्चीवर बसवून ते जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतात. नळी थर्माकोलच्या डब्यात जाते, आणि डबा जालन्याच्या जीपमध्ये ड्रायव्हरच्या मांडीला मांडी लावून बसतो. पुढचं काम जालन्याच्या लॅबमधलं यंत्र करतं. रिपोर्ट तेवढा मोबाइलवर परत येतो. रक्त येत नाही.

गाळ्याच्या भिंतीवर पाटी होती. सीबीसी, हिमोग्राम, नुसत्या प्लेटलेट, आणि सगळ्यात खाली सोनेरी अक्षरांत 'फुल बॉडी'. मी ती पाटी खानावळीच्या पाटीसारखी वाचली. वर साधी राइस प्लेट, खाली स्पेशल थाळी. साधं मागवणारा माणूस कंजूष दिसतो, अशी आपली समजूत.

"कोणती करायची?" मी विचारलं.

"डॉक्टरांनी सीबीसी लिहिलीय," रक्त काढणारा म्हणाला.

"तिच्यात सगळं येतं का?"

"रक्तातल्या तिन्ही पेशी येतात. लाल, पांढऱ्या आन प्लेटलेट. भाऊ, मूठ आवळा."

"यात हातचलाखी कुठं करता येती?"

"भाऊ, मूठ आवळा."

उत्तर टाळलं, हे मी मनात टिपून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी एका साखरपुड्यात मी माइकवर होतो. सर्जनचा फोन आला. घाईत माइक बंद करायचा राहून गेला आणि माझी बाजू सगळ्या मंडपाने ऐकली. "किती? पंचेचाळीस हजार? असायला किती पाहिजेत? दीड लाखाच्या वर? साहेब, एवढा फरक?" नवऱ्या मुलीकडची मंडळी उभी राहिली. त्यांना वाटलं, मुलाच्या बापाच्या वतीने मी हुंड्याची बोलणी करतो आहे. त्यांना खाली बसवेपर्यंत मला घाबरायला सवडच मिळाली नाही.

घाबरलो ते नंतर, गाद्यांच्या ढिगावर बसून. सर्जन स्पष्ट म्हणाले होते, "ऑपरेशन थांबवू. एवढ्या कमी प्लेटलेटवर कमरेत सुई घालायची नाही. रक्त सुरू झालं तर थांबणार नाही." हर्निया राहिला बाजूला. पेशी का गेल्या, ते आधी शोधायचं होतं.

नजर

बायको कुसुम. तिला सांगितलं तेव्हा ती शेंगा फोडत होती. तिने टरफलं एका बाजूला केली, दाणे एका बाजूला केले, आणि उठून माझा वस्तरा, नखं काढायचं यंत्र, सुतळी कापायचा चाकू आणि कानकोरणं असं सगळं एका डब्यात घालून डबा धान्याच्या कोठीत टाकला.

"अहो, आजपासून दाढी न्हाई."

"मी माइकवाला माणूस हाये. लोकं तोंड बघत्यात."

"लोकांनी आवाज ऐकावा."

दाढी वाढली तशी गावात चर्चा वाढली. कुणी म्हणालं नवस, कुणी म्हणालं कर्ज, कुणी म्हणालं निवडणूक. खरं कारण कळल्यावर मात्र जो तो वैद्य झाला. गावात प्लेटलेट असं कुणी म्हणत नाही, 'पेशी कमी झाल्या' म्हणतात, आणि प्रत्येकाच्या घरात कुणाच्या ना कुणाच्या पेशी कधीतरी कमी झालेल्या असतात. शेजारच्या पपईच्या झाडाला दोन दिवसांत एक पान उरलं नाही. त्या पानांचा रस म्हणजे काय, ते मी सांगणार नाही. ज्याने प्याला त्याला माहीत आहे.

कुसुमचा भाऊ अंकुश वडीगोद्रीच्या बाजूला असतो. आजोबांच्या काळात घरच्या मेंढरांमागे वर्षातले आठ महिने रानोमाळ फिरणारं हे घराणं, आता थोडी शेती आणि थोड्या शेळ्या. तो मोटारसायकलला किटली बांधून शेळीचं दूध घेऊन यायचा आणि मी पिईपर्यंत दारातून हलायचा नाही.

"दाजी, नाक दाबून घ्या. डेंग्यूत आमच्या वाडीवर सगळ्यांनी हेच पेलं."

"मला डेंग्यू न्हाई, अंकुश."

"मंग काय हाये?"

तेच तर कुणाला माहीत नव्हतं. सकाळी उठून मी आरशात हिरड्या बघायचो. अंगावर डास चावला की त्या ठिपक्याकडे तासभर संशयाने बघत बसायचो, पसरतोय का म्हणून. मोबाइलला विचारलं, पेशी कशाने कमी होतात. त्याने भराभर कारणं सांगितली, आणि तिसऱ्या ओळीत तो शब्द आला. ब्लड कॅन्सर. मी मोबाइल उताणा होता तो पालथा ठेवला. संध्याकाळी बिल भरायला कुसुमचा मोबाइल घेतला, तर तिच्याही पडद्यावर तेच पान उघडं. मी तिचाही मोबाइल पालथा ठेवला. त्यावर आम्ही दोघं एक अक्षर बोललो नाही. भाजीत मीठ जास्त झालंय, एवढं मी म्हणालो. त्यावरून मात्र आमचं भरपूर भांडण झालं.

भीती माणसाला निरनिराळ्या वाटेने नेते. मला तिने हेरगिरीकडे नेलं. मला काही होत नाही. जेवतो, झोपतो, ओरडतो. मग पेशी गेल्या कुठे? कुणीतरी खोटं बोलतंय. सर्जन आणि लॅबवाले आतून एक असणार. आधी घाबरवायचं, मग मोठ्या दवाखान्यात पाठवायचं. अशा गोष्टी आपण सगळ्यांनीच ऐकलेल्या असतात आणि ऐकलेली गोष्ट आपल्याला पाहिलेल्या गोष्टीहून खरी वाटते.

म्हणून मी सर्जनना न विचारता सोनेरी अक्षरांची तपासणी केली. फुल बॉडी. मोठी तपासणी खोटं बोलणार नाही, असा माझा हिशेब. त्या दिवशी रक्ताची जीप वाटेत एका वरातीमागे अडकली. ड्रायव्हरने मला फोन करून शिव्या दिल्या, कारण वरातीपुढे वाजत होते ते स्पीकर माझेच होते. माझं रक्त उन्हात थांबलं होतं आणि माझीच गाणी ऐकत होतं.

रिपोर्ट आला. पानंच पानं. लिव्हर उत्तम, किडनी उत्तम, साखर उत्तम. प्लेटलेट वीस हजार.

पलंग आणि प्रश्न

रिपोर्ट दाखवल्यावर सर्जननी त्याच दिवशी ॲडमिट करून घेतलं. निरीक्षणाखाली, म्हणाले. मला त्या शब्दाचा राग आला. आतापर्यंत निरीक्षण मी करत होतो.

वॉर्डात सिस्टर दर फेरीला तेच विचारायची. "हिरड्यांतून रक्त?"

"न्हाई."

"नाकातून?"

"न्हाई."

"लघवीला लाल?"

"बिलकुल न्हाई."

"अंगावर डाग?"

"हा एक. पण हा डासाचा हाये. मी त्याला मारलं बी हाये."

ती माझ्याकडे अशी बघायची, जणू मी रक्त लपवून ठेवलंय. मी तिच्याकडे असा बघायचो, जणू तिनेच ते नेलंय. पण खरं सांगतो, त्या बाईने मला मऊ दातांचा ब्रश आणून दिला, पलंग खिडकीजवळ हलवून घेतला, आणि सलाइनची शीर पहिल्याच खेपेला अशी पकडली की मला कळलंही नाही. आजारपणात माणूस देवाला काय मागतो? चांगली शीर सापडावी, एवढंच.

सर्जन आले तेव्हा बसले. आतापर्यंत ते उभ्यानेच बोलायचे. डॉक्टर खुर्ची ओढून बसला की समजावं, बातमी मोठी आहे. "जालन्याला रक्ताच्या आजारांच्या डॉक्टर मॅडम आहेत. त्यांना दाखवा. कदाचित हाडातला मगज काढून तपासावा लागेल."

मी म्हणालो, "साहेब, मगज निघंल का बघा. बायको म्हणती, मला न्हाईच."

कुणी हसलं नाही. सर्जन गेल्यावर कुसुम म्हणाली, "तुमची नाटकं इथं बंद करा. लोकांपुढं करा, माझ्यापुढं नगा." तिचा आवाज इतका सपाट होता की मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो.

सापळा

कुठूनच रक्त येत नाही म्हणून डिस्चार्ज मिळाला. मॅडमची वेळ पुढच्या आठवड्यातली. मध्ये काही दिवस मोकळे. मोकळ्या दिवसांत संशय फार जोमाने वाढतो.

मी अंकुशला गाठलं. "तुझ्यात आन माझ्यात फरक काय?"

"तुमी बोलता. मी शेळ्या राखतो."

"तुझं रक्त चांगलं. मंग आपण असं करू. अंबडला त्याच लॅबचं दुसरं सेंटर हाये, तिथं आपल्याला कुणी वळखत न्हाई. तू माझ्या नावानं रक्त दे, मी तुझ्या नावानं देतो. लॅबवाल्यांनी माझं नाव बघून पेशी कमी दाखवल्या, तर चोर सापडला."

अंकुशने बराच विचार केला. "आन चोर न्हाई सापडला तर?"

हा प्रश्न मला सुचला नव्हता. मी म्हणालो, "सापडतोच."

आम्ही गेलो. मी अंकुश झालो, अंकुश भास्कर झाला. त्याने वय विचारल्यावर माझ्याकडे बघितलं, मी बोटं दाखवली. मला तर इतका आनंद झाला होता की रक्त काढताना मी गुणगुणत होतो. परतताना आम्ही भजी खाल्ली, जणू दरोडा घालून आलो.

दुसऱ्या दिवशी सेंटरवर जाऊन आम्ही दोन्ही रिपोर्टांचे कागद घेतले. भास्कररावांच्या नावावर, म्हणजे अंकुशच्या रक्तात, प्लेटलेट अडीच लाखाच्या वर. अंकुशच्या नावावर, म्हणजे माझ्या रक्तात, सत्तर हजार.

लॅब खरं बोलत होती. तिने नाव बघितलं नव्हतं, रक्त बघितलं होतं. चोर नव्हताच. चोर सापडला नाही याचं इतकं दुःख मला कधी झालं नव्हतं. तोपर्यंत संशय हीच माझी काठी होती, तिच्यावर रेलून मी उभा होतो. ती निघून गेल्यावर उरला तो सरळ आजार. मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि गुंडाळलेल्या कनातींमध्ये जाऊन बसलो.

शिरा

घरी गेलो तर शिऱ्याचा वास.

अंबडच्या सेंटरला 'भास्कर'चा मोबाइल नंबर म्हणून अंकुशने बहिणीचा दिला होता. त्याला माझा पाठ नव्हता, बहिणीचा होता. रिपोर्ट तिच्या मोबाइलवरही जाऊन पडला होता. तिच्या पडद्यावर नवऱ्याचं नाव आणि त्यापुढे अडीच लाख पेशी.

"शेळीच्या दुधानं केलं!" ती दारातच म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिचे दात दिसले. "मी सर्जनना फोन केल्ता. ते म्हणले, मंग जालन्याला कशाला जाता, परवा उपाशीपोटी या, उरकून टाकू. आन तुमी सांगितलं बी न्हाई मला, की परत तपासून राह्यले म्हणून!"

मी शिऱ्याची वाटी हातात घेतली. माझ्यापुढे दोन रस्ते होते. गप्प बसलो तर परवा कमरेत सुई जाणार, आणि रक्त खरंच थांबलं नाही तर हाच शिरा माझा शेवटचा. बोललो तर हे दात पुन्हा दिसणार नाहीत.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. अंकुशची बायको. 'अंकुश'चा म्हणून मी त्याच्या घरचाच नंबर दिला होता. पलीकडून इतक्या मोठ्याने बोलत होती की मला सगळं ऐकू आलं. "ताई, ह्यांच्या पेशी सत्तर हजार निघाल्यात! दाजींचं ह्यांना लागलं का काय? मी ह्यांना खाटेवरून उठू देऊन न्हाई राह्यले!"

कुसुमने फोन कानापासून लांब धरला आणि माझ्याकडे बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली की तिला फार सांगावं लागत नाही.

"काय केलं?"

मी सांगितलं. माइकवर तास तास बोलणारा मी, तीन वाक्यांत संपलो.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने माझ्या हातातली वाटी काढून घेतली. मग भावजयीला म्हणाली, "त्याला काय झालं न्हाई. त्याला उठू दे आन दोन ठेवून दे." फोन ठेवला. सर्जनना फोन लावला आणि म्हणाली, "साहेब, तो रिपोर्ट ह्यांचा न्हाई. आम्ही येत न्हाई." मग मला म्हणाली, "उद्याच्या उद्या जालना. मॅडमची वेळ असो नसो, दारात बसू. आन तिथं तोंड मी उघडणार. तुमी न्हाई."

आमच्याहून संशयी

मॅडमच्या दवाखान्यात आम्ही सकाळपासून बसलो. अंकुशही आला होता, पुरावा म्हणून. आत गेल्यावर कुसुमने सगळं सांगितलं. पहिला रिपोर्ट, दुसरा रिपोर्ट, वरात, अदलाबदल, शिरा. काही गाळलं नाही. मी खुर्चीत बसून भिंतीवरच्या मूत्रपिंडाच्या चित्राकडे बघत होतो.

मॅडम साधारण आमच्याच वयाच्या, चष्मा कपाळावर ढकललेला. अदलाबदल ऐकल्यावर तो खाली आला. "तुम्हाला कळतंय का काय केलंत? या नावांवर उद्या कुणाला रक्त चढवायची वेळ आली असती तर? एखाद्याचा जीव जातो अशाने." आवाज चढला नव्हता, पण अंकुश उभा राहिला आणि उभाच राहिला.

मग त्यांनी माझी तपासणी केली. हिरड्या, पापण्या, पाय, पोट. बराच वेळ. पुन्हा खुर्चीत बसल्या आणि पेन टेबलावर आपटत राहिल्या.

"मला संशय येतोय," त्या म्हणाल्या.

"मॅडम, आता मी खरं बोलतोय..."

"तुमचा नाही हो. आकड्याचा. वीस हजार प्लेटलेट म्हटल्यावर मला अंगावर काहीतरी सापडायला हवं होतं. तुमच्या अंगावर एक डास चावलेला आहे." मग त्यांनी जो प्रश्न विचारला, तो आजवर कुणी विचारला नव्हता. "रक्त काढल्यावर ते यंत्रात जाईपर्यंत किती वेळ गेला? दर वेळी?"

मी सांगितलं. गावची जीप. वरातीतली जीप. अंबड त्या मानाने जवळचं, आणि त्या दिवशी गाडी तयारच होती. मॅडमनी तीन आकडे ओळीने लिहिले. ज्या दिवशी रक्त लवकर पोचलं, त्या दिवशी पेशी जास्त. ज्या दिवशी सगळ्यात उशिरा, त्या दिवशी सगळ्यात कमी.

"म्हंजे पेशी रस्त्यात मरून राह्यल्या?" अंकुशने उभ्यानेच विचारलं.

"मरत नाहीत. तुम्ही मंडपवाले ना? फाटकावर माणूस बसवला, आत येणारे पाहुणे मोजायला. एकेक आला तर मोजेल. पण वीस जण एकमेकांच्या गळ्यात हात घालून घोळक्याने घुसले, तर?"

"एक म्हणून मोजंल. न्हाईतर वरात समजून सोडून देईल."

"यंत्राचं तसंच होतं. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून एक औषध असतं. बहुतेकांना त्याने काही होत नाही. काही थोड्या लोकांच्या प्लेटलेट त्या औषधात एकमेकींना चिकटतात. नळीत. शरीरात नाही. जितका वेळ जाईल तितके घोळके मोठे. यंत्राला ते दिसत नाहीत. हा माझा अंदाज आहे, खात्री नाही. दुसरं काहीही असू शकतं, आणि तेही मी शोधणार आहे."

शेवटचं वाक्य त्यांनी मुद्दाम हळू म्हटलं. माझा नुकताच वर आलेला जीव पुन्हा बुडाला.

त्यांनी लिहून दिलेली तपासणी भिंतीवरच्या कुठल्याच पाटीवर सोनेरी अक्षरांत नव्हती. रक्त तिथेच काढायचं, एक जांभळी नळी आणि एक निळ्या झाकणाची, जिच्यात औषध वेगळं असतं. दोन्ही ताबडतोब वरच्या मजल्यावर न्यायच्या. आणि एक थेंब काचेच्या पट्टीवर पसरवून पॅथॉलॉजिस्टने मायक्रोस्कोपखाली स्वतः डोळ्यांनी बघायचा. "यंत्र चांगलं असतं," त्या म्हणाल्या, "पण आकडा आणि माणूस जुळत नसतील तर डोळा लागतो."

मध्येच एक सूचना

निकाल सांगण्याआधी थांबतो, कारण नंतर तुम्ही ऐकणार नाही. माझी गोष्ट वाचून कुणी कमी पेशींचा रिपोर्ट चुलीत घालू नका. मॅडमनी मला बजावून सांगितलं आहे, कमी दाखवलेल्या प्लेटलेट बहुतेक वेळा खरोखरच कमी असतात, आणि तापात तर एक दिवसही वाया घालवायचा नसतो. तेव्हा संशय घ्या, पण तो खिशात घालून हेरगिरी करत फिरू नका. तो डॉक्टरच्या टेबलावर ठेवा. विचारा: पट्टी बघितली का? दुसऱ्या नळीत मोजायचं का? रक्त किती वेळाने मोजलं? आणि मोठ्यातली मोठी तपासणी स्वतःच्या मनाने मागू नका. मी मागितली, तिच्यात माझ्या सगळ्या अवयवांची चौकशी झाली, पण प्लेटलेट त्याच नळीत, त्याच जीपमध्ये, त्याच चुकीने मोजल्या गेल्या. मला हवी होती ती छोटी तपासणी, पण बरोबर जागची. आणि नावं बदलू नका. अंकुशच्या बायकोने त्या दिवशी खरंच दोन ठेवून दिल्या.

बाकावर

नळ्या वर गेल्या. आम्ही तिघं बाकावर. मी नळ्या नेणाऱ्या बाईच्या मागे जिन्यापर्यंत गेलो होतो, वाटेत थांबते का बघायला. थांबली नाही. तरी मला वाटलं, जिना फार लांब आहे.

बाकावर मला कळलं की आता संशय घ्यायला कुणी उरलं नाही. सर्जन खरे, लॅब खरी, मॅडम आमच्याच बाजूने शंका घेतायत. उरलं फक्त माझं स्वतःचं रक्त, आणि त्याला मी विचारू शकत नव्हतो. मी कुसुमला म्हणालो, "काय निघालं तर दुकान अंकुशला..."

"गप बसा."

"स्पीकरचा मोठा जोड तेवढा..."

"म्हणलं ना, गप बसा."

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं होतं, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. समोरच्या बाकांवर जाफराबादपासून आलेली माणसं बसली होती. प्रत्येकाच्या मांडीवर पिशवी, प्रत्येकाची नजर त्या एका दारावर. अंकुशने सगळ्यांना चहा आणून दिला, ओळख नसलेल्यांनाही. त्याला दुसरं काही सुचत नव्हतं.

मॅडम बोलवायला कुणाला तरी पाठवतील असं वाटलं होतं. त्या स्वतःच दारात आल्या. चष्मा कपाळावर.

"घोळके," त्या म्हणाल्या. "पट्टीवर नुसते घोळके. पॅथॉलॉजिस्टनी मला वर बोलावून दाखवले. निळ्या नळीत दोन लाख दहा हजार. बाकी पेशीही बघितल्या, लाल, पांढऱ्या, सगळ्या जागच्या जागी. तुम्हाला रक्ताचा आजार नाही. मगज काढायची गरज नाही. हर्नियाचं ऑपरेशन करून घ्या, मी सर्जनना चिठ्ठी देते. यापुढे कुठेही रक्त द्याल तिथे आधी हे सांगायचं."

मी तोंड उघडलं. एवढ्या मोठ्या बातमीला साजेसं काहीतरी म्हणायचं होतं, आणि प्रेक्षकही भरपूर होते. तेवढ्यात अंकुशने माझ्या पाठीत इतक्या जोराने थाप मारली की अंगावर एक खरा डाग उठला असेल.

कुसुम उभी राहिली. पिशवी खांद्याला लावली. दोन पावलं दाराकडे गेली, परत आली आणि बाकावर बसली. मॅडमनी विचारलं, "काय झालं, ताई? काही शंका आहे का?"

तिने मान हलवली. मग सगळ्या बाकांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "न्हाई, शंका काय न्हाई. मंग मी आता इथं जरा रडून घेतलं तर चालंल का?"